पांढऱ्या घरातला देव गेला की राहिला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपणा सर्वांचे हक्काचे लक्ष्मीकांतराव. व्यासपीठावर माझ्या उजव्या हाताला बसलेल्या, वयाने माझ्याहूनही वडील अशा आदरणीय हायासे-सान. माझा शब्द न् शब्द त्यांच्यासाठी जपानीत नेण्याचं जोखमीचं काम पत्करलेल्या मेधाताई. ज्यांना आज निरोप द्यायचा ते पुष्करराव आणि सौभाग्यवती उत्तरा. आणि नागोयात राहूनही रविवारची दुपार आपल्या माणसांसाठी राखून ठेवणाऱ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना या मोरेश्वराचा सविनय नमस्कार.

मेधाताई, लहान वाक्यं बोलेन असं मी तुम्हांला कबूल केलं होतं. ते पहिल्याच वाक्यात मोडलं. सांभाळून घ्या.

लक्ष्मीकांतरावांनी मला बजावलं आहे, "काका, थोडक्यात आटपा. हॉल पाचला सोडायचाय, आणि त्याआधी कागदी ताटं एका पिशवीत, प्लास्टिकचे चमचे दुसऱ्या पिशवीत. गेल्या वेळी आपली कचऱ्याची पिशवी परत आली होती." तेव्हा आटोपशीर बोलण्याचा प्रयत्न करतो. पण आज कामं दोन आहेत. आज मला गौरवाचे चार शब्द बोलायचे आहेत आणि एका प्रश्नाचं उत्तरही द्यायचं आहे. तो प्रश्न या आठवड्याच्या आरंभीच हायासे-साननी मेधाताईंकरवी माझ्यापर्यंत पोहोचवला. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

आधी गौरव. पुष्कररावांची इथे बदली झाली, त्याला सहा वर्षं झाली. ते मोटारींच्या कारखान्यात रुजू झाले आणि उत्तरा, जी शिक्षणाने वास्तुविशारद, ती सायकल घेऊन हिंडू लागली. आपण सगळे तूरडाळ कुठे मिळते याच्या शोधात होतो. हिला पूर्वेकडच्या टेकडीवर एक पांढरं घर सापडलं. कमानीच्या खिडक्या, लोखंडी वेलबुट्टीच्या जाळ्या, लाल पन्हाळी कौलं, अंगणात निळ्या फरशांचा कट्टा असलेली विहीर. भूमध्य समुद्राकाठी शोभावं असं घर, आणि दारात मात्र जोडे काढायची पायरी, आत ततामीची, म्हणजे गवती चटयांची खोली. हायासे-सानच्या आजोबांनी ते युद्धापूर्वी बांधलं. त्यांचा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार होता, आणि भूमध्य समुद्र त्यांनी चित्रातच पाहिला होता.

अशा घरांचा हिने अभ्यास मांडला. कुठे कोण राहतं, कमानी कुणी घातल्या, कौलं कुठून आली. हिच्या लक्षात आलं, की बाहेरून परदेशी दिसणाऱ्या त्या भिंतीच्या पोटात बांबूची जाळी आहे आणि भाताचा पेंढा घालून मळलेली इथलीच माती आहे. हिने नकाशे काढले, फोटो घेतले, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून आठवणी टिपल्या. आणि एकेक घर हिच्या डोळ्यांदेखत जात राहिलं. एका दिवाळीला ही पुण्याला गेली आणि परत आली तो एका घराच्या जागी मोटारी उभ्या होत्या. इथली पद्धत आपण जाणता. घर पाडण्याआधी ठेकेदाराची माणसं आजूबाजूच्या घरी जातात, वाकून नमस्कार करतात, त्रास होईल म्हणून क्षमा मागतात आणि एक टॉवेल भेट देतात. शेजाऱ्यांकडे नवा टॉवेल दिसला की उत्तराचा चेहरा उतरायचा.

मी एकदा तिला सरळच विचारलं होतं. म्हटलं, "मुली, या देशात हजार वर्षांची देवळं आहेत. त्यांची चिंता करावी. ही उसनी घरं. धड इथली नाहीत, धड तिथली नाहीत."

ती म्हणाली, "काका, तुमची नात तुम्हांला मराठीत उत्तर देते का?"

"प्रश्न मराठीत विचारला तरी जपानीतच देते."

"मग ती उसनी का?"

मी गीतेच्या वर्गात तुम्हां सर्वांना गप्प बसवतो. तिने मला चार शब्दांत बसवलं.

गेल्या महिन्यात टॉवेल आला तो हायासे-सानच्या घरासाठी. कारण क्षुल्लक नाही. त्यांना भूकंपाची भीती वाटते. ती जड कौलं रस्त्यावर कोसळली आणि शाळेतून येणारं एखादं मूल खाली सापडलं तर? या भीतीला कुणी हसू नये. पुष्करराव तिथे जाऊन आले, त्यांनी जाणकार आणले, भिंतींना आतून आधार देता येईल असं त्या जाणकारांनी सांगितलं. सरकारदरबारी ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदही होऊ शकते, मात्र मालकाची संमती हवी. हायासे-सान नुसतं ऐकत राहिल्या. "विचार करते," म्हणाल्या. या देशात 'विचार करते' म्हणजे बहुधा नकारच असतो, हे आपण ऑफिसात शिकला आहात.

आणि मग गेला रविवार.

उत्तराने मंडळाच्या ग्रूपवर लिहिलं, हायासे-सानच्या घरी पुजारी येणार आहेत, जमेल त्यांनी या. बंधूंनो, आपल्या घरी पुजारी कधी येतो? वास्तुशांतीला येतो, सत्यनारायणाला येतो. देव बसवायला येतो. घर पाडण्यासाठी पुजारी बोलावलेला आपल्यापैकी कुणी पाहिला आहे? आम्हांला वाटलं, घर वाचलं. आपल्या अनुराधाताईंनी बेसनाचे लाडू केले. लक्ष्मीकांतरावांनी नारळ आणला. उत्तराकडे सामान बांधायला माणसं आली होती, म्हणून ती मागून येणार होती.

गेलो. पुजारी शुभ्र वस्त्रांत होते. चौरंगावर तांदूळ, मीठ, पाणी आणि फळं. घराच्या चारी कोपऱ्यांवर त्यांनी काही शिंपडलं, विहिरीपाशी बराच वेळ उभे राहिले. माझे डोळे भरून आले. म्हटलं, भाषा वेगळी, दैवत वेगळं, पण अक्षता त्याच. लक्ष्मीकांतराव माझ्या कानाशी, "काका, नारळ कुठे फोडू? इथल्या पायरीला तडा गेला तर उत्तरा मला फोडेल." विधी संपला. हायासे-साननी माझ्याकडे पाहून मान लववली. वडीलधारा म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगताहेत असं मी समजलो. मी डोळे मिटले आणि वास्तुदेवतेचं आवाहन म्हटलं. ये, या घरात वास कर, इथल्या माणसांना आणि जनावरांना सुख दे. पूर्ण स्वरात म्हटलं. ते पुजारी सौजन्याने खाली मान घालून शेवटपर्यंत थांबले.

डोळे उघडले तो फाटकात उत्तरा. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

तो विधी निरोपाचा होता. आपण गणपतीची उत्तरपूजा करतो, तशी ती त्या घराच्या देवाची उत्तरपूजा होती. विहीर बुजवताना तिथल्या देवाला श्वास घेता यावा म्हणून एक बांबूची नळी रोवतात. ती नळीही भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. मला ती दिसली होती. मला वाटलं, नव्या वेलाला आधार असेल.

म्हणजे घडलं असं, की एका पुरोहिताने ज्या देवाला हात जोडून 'आता निघावे' म्हटलं, त्यालाच दुसऱ्या म्हाताऱ्याने त्याच घटकेला 'बसावे' म्हटलं.

हायासे-साननी उत्तराला विचारलं, हे काय म्हणाले? उत्तरा खोटं बोलत नाही. तिने जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हायासे-साननी ठेकेदाराला फोन करून काम या बुधवारपर्यंत थांबवलं. आम्हांला कळलं तेव्हा लक्ष्मीकांतराव उत्तराला म्हणाले, "देव पावला म्हण आणि गप्प बस." अध्यक्षमहाराज, आपलंच वाक्य आहे, मान हलवू नका. पुष्करराव हसले. उत्तरा हसली नाही.

ती मला म्हणाली, "काका, त्यांना झोप लागत नाहीये. देवाला घरात कोंडून ठेवलं की काय, असं त्यांना वाटतंय. भीती घालून राखलेलं घर मला नको. तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा."

"आणि खरं सांगितल्यावर घर गेलं तर?"

"तर जाईल. मी रडेन. पण तुम्ही सांगा."

बंधुभगिनींनो, जिने त्या घरासाठी सहा वर्षं वेचली, जिचं विमान या गुरुवारी आहे, ती हे म्हणते. तिच्या गौरवासाठी याहून मोठं वाक्य माझ्या पोथ्यांत नाही.

आता तो प्रश्न. हायासे-साननी विचारलं आहे, "देव गेला की राहिला?"

मी आठवडाभर जुनी पानं उलटली. मला असं उत्तर हवं होतं, की ज्याने घर वाचेल आणि माझी जीभही शुद्ध राहील. ते मिळालं नाही. जे मिळालं ते सांगतो. मेधाताई, हे सावकाश सांगा.

हायासे-सान, आमच्याकडे कुठल्याही पूजेच्या आरंभी यजमानाने संकल्प करायचा असतो. हातावर पाणी घेऊन घरच्या धन्याने स्वतः म्हणायचं असतं, की हे मी करतो आहे. पुरोहित कितीही विद्वान असो, त्या संकल्पावाचून त्याचे मंत्र म्हणजे नुसता आवाज. त्या घराच्या यजमान आपण. आपण संकल्प केलेला नव्हता. मी बोलावलं ते माझ्या आनंदाच्या भरात, आपल्या वतीने नव्हे. माझ्या शब्दांनी आपण बांधल्या गेलेल्या नाहीत. आपल्या पुजाऱ्यांनी जे केलं ते आपल्या इच्छेने केलं, आणि तेवढंच खरं. आपण मोकळ्या आहात. आज रात्री स्वस्थ झोपा.

हे बोलताना मला कसं वाटतं आहे ते मी सांगणार नाही. उत्तरा, मान वर कर. तू सांगितलंस तेच केलं.

थांबा. मेधाताई काही म्हणताहेत.

हायासे-सान विचारतात, संकल्पात यजमानाने काय म्हणायचं असतं?

आधी स्वतःचं नाव घ्यायचं. मग आपण कुठे उभे आहोत ते ठिकाण सांगायचं, मग आजची तिथी. आणि शेवटी मनातली इच्छा. ती पुरोहिताने सुचवायची नसते. म्हणून मी सुचवत नाही.

अजून एक विचारतात, बुधवारी सकाळी मी मोकळा आहे का?

मोकळा आहे. कशासाठी, हे मी विचारणार नाही. बुधवारी ठेकेदाराची माणसंही यायची आहेत, हे मला ठाऊक आहे. मी उत्तरपूजेची आणि आवाहनाची, दोन्हींची तयारी करून येईन. नारळ या वेळी पिशवीतच राहील, यजमान सांगतील तोवर.

हा हॉल देणाऱ्या वॉर्ड कार्यालयाचे, अध्यक्षांचे, लाडू करणाऱ्या हातांचे आणि विशेषतः मेधाताईंचे मी मनापासून आभार मानतो. पुष्करराव, उत्तरा, तुम्हांला सुखरूप प्रवास घडो. माझ्या बोलण्यात जे अधिक झालं असेल आणि जे राहून गेलं असेल, ते आपण उदार मनाने पोटात घालावं. आणि न विचारता जिला मी हाक मारली ती त्या घराची देवता, जिथे कुठे असेल तिथून, तिनेही मला क्षमा करावी आणि बुधवारपर्यंत वाट पाहावी.