आपल्या गिरणीची दवंडी

माझं माहेर उमरीकडचं, गोदावरीच्या अंगाचं, अन् दिलं मला इकडं अहमदपूरच्या बाजूला, माळावर. काय सांगू तुम्हाला ताई, तिकडं नदी अन् इकडं हंडाभर पाण्याला कोसभर चाल. लग्न झालं ते ऐन दुष्काळात. अंगाची हळद गेली न्हाई तर सासूबाई म्हणल्या चल खडी फोडायला. त्या कामावर सारं गाव होतं, वरच्या आळीच्या बायाबी यायच्या, तोंडावर पदर ओढून बसायच्या, त्यायला लाज वाटायची, आम्हाला कशाची लाज, आम्ही जल्माचे कामाचे. तवा मिलो मिळायचा, परदेशाची लाल ज्वारी, भाकर थापली की भेगाच भेगा, पण सगळ्याच्या तव्यावर तीच.

गावात गिरणी एकच, वरच्या आळीला. एरवी आमचं दळण सगळ्यात शेवटी घ्यायचे. का, तर गिरणीच्या दगडात आधीच्याचं मूठभर पीठ राहतंय अन् ते पुढच्याच्या पिठात उतरतंय, म्हणून आमच्यामागं त्यांचा डबा लागाय नको. सकाळी गेलेली बाई दिवस कलल्यावर पीठ घेऊन यायची. पण दुष्काळात सगळ्याचा मिलोच, कुणाचं पीठ कुणात गेलं कोण ओळखणार, डबे मागंपुढं झाले तरी कुणी बोलंना. मला वाटलं, चला, सुधरलं गाव. मग पाऊस झाला, घरची ज्वारी आली अन् आमचा डबा परत शेवटी गेला. हे म्या माझ्या डोळ्यानं पाहिलंय, कुणी सांगितलेलं न्हाई.

तर गिरणीचं सांगत होते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा हो, लातूरला कापसाच्या एका जिनिंगात इंजनावर होते. इंजनाचा लई नाद, नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठं बिघाड हाय. पुढं लातूर जिल्हा झाला. त्याच्याआधी कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, तिथवर जाईस्तोवर साहेब उठून गेलेला. जिल्हा जवळ आला तसं मालकानं हेलपाटे घालून घालून योजनेतून पिठाची गिरणी मंजूर करून आणली, तेलाच्या इंजनावरची. आमच्या वस्तीच्या तोंडाला, सडकंच्या कडंला टाकली. जिनिंगातलं काम सोडून दिलं. मी भ्याले, म्हणलं चालली न्हाई तर? ते म्हणले न चालाय काय झालं, लोकं खायाची थांबलीत का.

धुराड्यावर त्यायनं एक डबडं बसवलं होतं, इंजन सुरू झालं की पुक पुक पुक असा आवाज पार शिवारात जायचा. म्हणायचे हीच आपली जाहिरात. आवाज सगळीकडं जायचा ताई, पण माणूस यायचं न्हाई. आमची वस्ती तेवढी यायची, तिच्यावर कुठं डिझल निघतंय. वरच्या आळीची बाई सडकंनं जाताना थांबून बघायची, अन् डबा घेऊन पुढं त्यांच्याच गिरणीला. अशात दिवाळी आली. गिरणीवाल्याची सुगी म्हणजे दिवाळी, चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, घरटी दोन-तीन डबे. मालक म्हणले ही दिवाळी खाली गेली तर कुलूप लावू अन् लातूरला हमालीला जाऊ. जिनिंगात परत कोण घेतंय.

मग त्यायच्या डोक्यात आलं, दवंडी द्यावी. अन् दवंडीत सांगावं का सकाळचा वखत वरच्या आळीचा, दुपारनंतर आपल्या लोकाचा. माझं तर डोकंच फिरलं. म्हणलं, त्यांच्या गिरणीत शेवटी अन् आपल्या गिरणीतबी शेवटी, मग गिरणी टाकली कशाला, शोभंला? ते चिडले, तुला पोटाचं कळतंय का. मी म्हणलं पोटाचंच कळतंय, म्हणून खडी फोडली. दोन दिवस आमचा अबोला होता.

अन् दवंडीचा तर येगळाच घोळ. माझे सासरे, मामा म्हणायचे मी त्यायला, त्यायच्या बापजाद्याकडं गावाची दवंडी होती. कुणाचं ढोर हरवलं, कुणाची पट्टी थकली, मामा डफडं वाजवत अनवाणी फिरायचे, दारादारात उभं राहून भाकर मागून आणायची. छप्पन सालानंतर आमच्या लोकायनं धम्म घेतला तसं मामानं डफडं फोडून चुलीत घातलं. पुन्हा वाजवणार न्हाई म्हणले अन् न्हाई वाजवलं, त्यापायी मार खाल्ला, बरगडी मोडली होती. अशा माणसासमोर दवंडीचं नाव कोण काढणार? मालकानं काढलं. मामा ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा धुतलेलं पांढरं धोतर नेसून, पायात वहाणा घालून निघालेले. म्हणलं मामा कुठं? म्हणले गिरणीचं सांगून येतो. मी मागं मागं गेले, जीव ऱ्हाईना. मामा वरच्या आळीला चावडीसमोर मधोमध उभं राहिले, वहाणा घालून, हातात काई न्हाई, अन् आवाज काढला. काय आवाज होता हो म्हाताऱ्याचा, इतक्या सालाचा साठून राहिलेला. म्हणले, मी सांगतोय, माझ्या लेकाची गिरणी हाय, लाईट गेली तरी चालती, भाजणी बारीक मिळंल, बेसन बारीक मिळंल, रांग एकच राहील, जो आधी येईल त्याचं आधी. एवढंच. असं आळीआळीला जाऊन सांगितलं. कुणी हसलं, कुणी म्हणलं म्हाताऱ्याला मस्ती आली. परत आले अन् दारातच टेकले. म्हणले, पोरी, उभी हयात दुसऱ्याचा हुकूम सांगत फिरलो, आज पहिल्यांदा मी सांगतोय म्हणलो.

अन् आलं का कुणी? न्हाई ना! दोन दिवस कुत्रं फिरकलं न्हाई. मालक माझ्याकडं असं बघायचे की जसं म्याच लोकायला अडवलंय.

तिसऱ्या दिवशी शिंप्याची नवी सून आली, उदगीरची पोर, नुकतीच नांदाय आलेली. वरच्या गिरणीची लाईट गेलेली अन् ही भाजणी घेऊन तिथं ताटकळलेली. गावचं तिला काय ठाव, पुक पुक ऐकून आली बिचारी. माझ्या शेजारणीची ज्वारी चालू होती, तिच्या मागं उभी राहिली. ज्वारी झाली, हिची भाजणी वर ओतली, तवर सासू पळत आली, पदर सुटलेला, अगं थांब थांब. आता कसली थांबती, दगडात गेलेली भाजणी माघारी येती का? इंजन तेवढं बोलत होतं. सासूनं खालच्या नळीतून येणारं पीठ चिमटीत धरलं, चोळलं, परत चोळलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. सुनंला म्हणली, बारीक आलंय, झाकण लाव. अन् दोघी गेल्या. दुपारी सुनंच्या हाती बेसनाची डाळ पाठवली. मग लाईट काई लवकर येईना अन् भाजलेली भाजणी तशीच ठेवली की दमट होती म्हणून एकेक करून बाया आल्या, रांगंत उभ्या राहिल्या. कुणाचं मन बदललं असं मी म्हणत न्हाई, अडलं म्हणून आल्या. लाईट आल्यावर निम्म्या गेल्या. निम्म्या राहिल्या. त्या निम्म्यावर आमचा संसार झाला, लेकरं नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजापर्यंत गेली.

आता मामा न्हाईत, मालक न्हाईत. सून भाजणी दळून पाकिटात भरती, दिवाळीच्या आधी फोनवर टाकती, नांदेड-लातूरहून मागणी येती. परवा पाकिटावर काय छापायचं म्हणून घरात बसलो. लेक इंजिनियर माणूस, म्हणला आई, आडनाव नको, नुसतं गृहउद्योग लिहू, लोकं आडनाव बघून घेतात. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याचंबी खोटं न्हाई, त्यानं जग बघितलंय. म्या सुनंला म्हणलं, छाप. पूर्ण नाव छाप, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. कमी जातील तर कमी जाऊ दे बाई, पण जे घेतील ते आपल्याकडूनच घेतील.