दहा चमचे पाणी

नाही सर, पुस्तकातून उतरवलेलं नाही तिनं — तशातली नाहीच ती. तुम्ही वहीत लाल शाईनं लिहिलंत ना, ‘ही नोंद मोजून केलेली नाही, पालकांनी भेटावे’, ते वाचून मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू — अहो, घरातल्या वस्तू मोजून आणायला सांगितल्यात तुम्ही, तर बादली झाली, खिडकी झाली, ह्यांच्या कमरेचा पट्टासुद्धा सोडला नाही तिनं. चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरला. हे म्हणाले, अठ्ठ्याऐंशी लिही गं, कोण बघायला येतंय? तर म्हणते कशी, बाबा, पोट आत ओढून मोजलेलं चालत नाही. तेव्हापासून हे तिला मोजणीबाई म्हणतात. आणि ती मुलगी एका चमच्यासाठी पुस्तक उघडेल?

हो, ते आलं माझ्या लक्षात. बाकी सगळीकडे तीन वेळचे तीन आकडे, थोडे इकडेतिकडे, आणि चमच्यालाच तिन्ही वेळा पन्नास. तुम्हाला संशय येणारच. पण मोजला हो तिनं — माझ्यासमोर, ओट्याशी. मला विचारलं, कुठला चमचा घेऊ? म्हटलं, तुझ्या औषधाचा घे की. मग तुम्ही घरी न्यायला दिलेल्या त्या रेघांच्या मोजपात्रात दहा चमचे पाणी ओतलं, खाली वाकली, डोळा पाण्याच्या रेषेत आणला — मी भांडी पुसत होते. किती गं? तर पात्र रिकामं केलं. पुन्हा दहा चमचे. पुन्हा दहा. मग म्हणाली, पन्नास, आई, म्हणजे चमच्याला पाच मिलिलीटर. आणि वही मिटली. मला बरंच वाटलं, बाटलीवरही पाचच लिहिलंय.

औषधाची बाटली हो. तुमच्याच तासाला नव्हती का पडली मागच्या महिन्यात, फिट येऊन? काचेचं पात्र फुटलं, तुकडे तुम्ही स्वतः वेचलेत, ती येऊन सांगत होती. सात महिने झाले औषधाला. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. डॉक्टर दर खेपेला विचारतात, नेमानं देता ना? मी म्हणते, एक वेळ चुकलेली नाही. आणि नाहीच चुकली, सर. नवस बोललेय मी — हिची फिट थांबेपर्यंत औषध माझ्याच हातानं, देवापुढच्या चांदीच्या चमच्यानं. बाटलीबरोबर रेघ असलेलं झाकण मिळालं होतं, ते खणात टाकलं. प्लास्टिकचं झाकण, त्यात माझं काय होतं? चमच्यात माझा जीव होता. चमचा म्हणजे चमचा, असंच वाटलं मला — इतकं शिकलेली नाही मी...

वही जरा खिडकीशी धरा. अशी, तिरपी. खोडलंय ना खाली? दाबून लिहायची सवय आहे तिला, खोडलं तरी उमटून राहतं. तीस. एकतीस. तीस.

काल दिसलं मला. बापासाठी सहा सेंटिमीटर सोडले नाहीत, सर, आणि माझ्यासाठी दोन मिलिलीटर गिळून बसली. मोजलं त्या दिवसापासून चमचा तोंडाशी नेला की डोळे मिटून घेते — मला वाटायचं, कडू लागतंय. रविवारी पुन्हा पडली. कमी पडतंय हे ठाऊक असून पोर रोज दोन वेळा तोंड उघडते माझ्यापुढे.

परवा डॉक्टरांकडे जायचंय. ह्या औषधानं भागत नाही, आता दुसरं जड औषध चालू करू म्हणतात. त्यानं पोरं दिवसभर पेंगतात म्हणे. म्हणून तर — तुम्ही भेटायला बोलावलंत म्हणून आले, हे अर्धंच खरं. तिचं मोजणं चुकलंय असं तुम्ही म्हणावं, एवढ्यासाठी आले मी. चमचा आणलाय पर्समधून. आज सकाळी ते झाकण काढलं, घासलं, आणि पुन्हा खणात ठेवलं. देव रागावेल असं नाही वाटत मला, तो घेईल सांभाळून. पण झाकण हातात घेतलं की तिला कळणार ना, आईला कळलंय.

ओता तुम्ही. दहाच ना? सात... आठ... हात किती स्थिर आहे तुमचा. दहा.

नाही, मी नाही वाकत. मला नकोच —

आलीस? ये. ये गं, घाबरू नकोस, सर रागावलेले नाहीत. हो, तोच चमचा, मीच आणलाय. वाक जरा, सरांनी शिकवलंय तशी. माझ्याकडे नको बघूस, राणी. पाण्याकडे बघ, आणि सांग सरांना, किती.