हजेरीतलं शेवटचं नाव

सानगडीच्या थांब्यावर साकोलीच्या बसची वाट पाहत होतो. मागे दोघी बोलत होत्या.

"अपेक्षा, आज तुमच्या बांधीत धानाचा रोवणा ना? अन् तू कॉलेजले काहून जाऊन राहिली?"

"तत्त्वज्ञानाचा तास आहे, काकू."

"एक दिवस नाई गेली तं काय बुडते?"

"वर्गात मी एकटीच आहो."

"एकटीले शिकवतेत सर?"

"हो. हजेरीबी घेतेत. आठ नावं वाचतेत."

"बाकीचे सात?"

"सोडून गेले. कोणाचं लग्न झालं, कोणी नागपूरले कामाले लागलं. तरी सर एकेक नाव घेऊन थोडं थांबतेत."

"अन् तुयं नाव?"

"सर्वात शेवटी. मागं ताप होता, मी नाई गेली. शिपाईदादा सांगत होते, माह्या नावापाशी सर घंटी होयेपर्यंत थांबले होते."