वाघाचा आराम

अरे, कालची गोष्ट आयका तं खरी! आमच्या मालकानं आता आमा ड्रायव्हरले लॉगबुक देलं हाय. गाडी किती तास चालवली अन् आराम किती केला, सारं लिवा लागते. काल जंगलात, मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ मधातच येऊन झोपला! मी दोन तास इंजिन बंद करून, काचा चढवून, घामानं नुसता चिंब. गाडी परत आणली तं मालक म्हणे, "दोन तास गाडी उभीच होती ना? मंग आराम झाला तुया. लिव, अन् आता ब्रह्मपुरीले निघ."

म्या पेन काढला, आरामाच्या रकान्यात लिवलं, "दोन तास. वाघानं केला."

मालकानं वाचलं अन् ब्रह्मपुरीले जायाले चाबी दुसऱ्या ड्रायव्हरले देली!