वेलदोड्याची लेफ्सा

नाही गं पोरी, पाटी पडली नाही — मीच तिच्यावर चादर टाकलीय. उपटायला गेले होते, हात लावला नि मागं आले. पास्टरच्या प्रचाराच्या पाट्या बघत फिरून दमली असशील, बस पायरीवर. कॉफी घेशील? घे.

पास्टर नायगार्ड राज्याच्या सिनेटला उभे राहिले, तेव्हा या रस्त्यावरची पहिली पाटी माझ्या अंगणात. का नसावी? माझ्या कार्स्टनचा बाप्तिस्मा त्यांनीच केला, नि पुढं त्याच्याच तुकडीबरोबर लष्कराचे पाद्री म्हणून गेले. म्हटलं, पोरगा नि पास्टर एकाच छावणीत, मला कसला घोर? शिवाय मी त्याला छावणीवर लेफ्सा पाठवायची — बटाट्याची पातळ पोळी, तुझी आजीही करत असेल — पण वेलदोडा घालून करणारी गावात मी एकटी. बाकीच्या नाकं मुरडतात. मुरडू देत.

तर शनिवारी फायर हॉलमध्ये, आगीच्या बंबवाल्यांच्या त्या हॉलमध्ये, त्यांच्या प्रचाराची न्याहारीची सभा. मी कॉफी वाढत होते. पास्टर सैनिकांच्या मनावरच्या जखमांबद्दल बोलायला लागले — बोलतात छान, त्यात वाद नाही. म्हणाले, नाव घेत नाही, पण एक पोरगा माझ्या तंबूत आला, वेलदोड्याच्या वासाची सुकलेली लेफ्सा माझ्याबरोबर वाटून खाल्ली, नि रडत म्हणाला, आजारी असल्याचं मी खोटं सांगितलं, म्हणून माझ्या जागी दुसरा गाडीत बसला, तो परत आला नाही.

नाव घेतलं नाही हं. नाव तेवढं घेतलं नाही.

सगळ्या बायका आपापल्या कपात बघायला लागल्या. कार्स्टन दाराशी, हातात पॅनकेकची ताटली. अगं, लष्करातल्या पाद्र्याला वरच्या साहेबानं विचारलं तरी असलं सांगता येत नाही — नि यांनी सिरपच्या बाटल्यांसमोर सांगितलं! मी गाठलं त्यांना, तर म्हणाले, "मार्लिस, त्या गोष्टीनं कितीतरी पोरांचं भलं होईल." कितीतरी पोरांचं. माझ्या एकाचं?

गावात कुणाचा नवरा कुठल्या खोलीत झोपतो ते मला ठाऊक, नि माझ्या पोराच्या पोटातलं मला माइकवरून कळलं. मला का नाही सांगितलं त्यानं? — मी आहेच तशी, कुठं बोलून बसेन, असं वाटलं असेल.

त्याच संध्याकाळी शेजारणींकडून दारात हॉटडिश आल्या, ओव्हनमधल्या जेवणाची भांडी, झाकून, गरम गरम. आमच्याकडं त्या मयताच्या घरी नेतात. कार्स्टननं त्या बघितल्या. अंगणातलं गवत कापलं, पाटीला धक्का न लावता, नेहमीसारखं — नि पिकअप घेऊन गेला. फोन उचलत नाही.

असं काय बघतेस? तू परगावची — म्हणजे तो पोरगा कोण, तुला ठाऊकच नव्हतं?

म्हणजे आता मीच बोलून बसले.

ठेव तो कप. पाटी उपट नि ने. पास्टरना काय सांगू म्हणतेस? काही सांगू नकोस. हेही मला पुढच्या सभेत त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही.