नवरदेवाचा खांडा

(हिवाळा, १९५५. वडशाजवळच्या खेड्यातला लग्नमांडव. हळद लागलेली कमळा, तिचे मामा गुणवंतराव मास्तर आणि नवरदेवाच्या नाटक कंपनीतला लटारू. पाटावर भली रुंद तलवार ऐटीत बसली आहे. बसायचं ज्यानं, त्याचा पत्ता नाही.)

कमळा : म्हंजे माहा नवरा हा हाय?

लटारू : नाई वहिनी, नवरा मुखरूच. हा त्याचा खांडा. त्याच्या जागी धाडला.

कमळा : वहिनी नका म्हनू अजून. तो काऊन नाई आला?

लटारू : आज वडशात नाटक हाय. मुखरू राजा. मॅनेजर सुट्टी देत नाई.

गुणवंतराव : यात वावगं काही नाही, कमळे. पूर्वी सरदार मोहिमेवर असला की त्याचा खांडा यायचा, अन् पोरीचं लग्न खांड्याशी लागायचं. आता शब्दच पाहा. खंड म्हणजे तुकडा. तुकडे पाडतो तो खांडा. काही पंडित तो खड्गापासून काढतात. मला पटत नाही.

कमळा : मामाजी, हे लाकूड हाय. वरून चमकी कागद लावला.

गुणवंतराव : मी अर्थ सांगून राहिलो, लाकूड नाही.

लटारू : आलापल्लीचा साग हाय जी.

कमळा : याच्यानं वांगं तरी कापते का?

लटारू : वांग्याचं नाई मालूम. परवा भात परतला होता. पातं रुंद पडते ना.

गुणवंतराव : भात?

कमळा : शितं हायेत मुठीले.

गुणवंतराव : ती पूस. गोरज मुहूर्त टळून राहिला. मुंडावळ्या बांधू अन् अक्षता टाकू.

कमळा : मी हो म्हनली ते मुखरूले. सकाळपासून हळद लावून वाट पाहून राह्यली. मले रडू येऊन राह्यलं, मामाजी, आन् तुमी शब्द फोडून राह्यले.

गुणवंतराव : मला तेवढंच येते, बाई.

कमळा : लटारूभाऊ, राजाले आज लढाई हाय?

लटारू : हाय ना. मोठी.

कमळा : कशानं लढन?

लटारू : ह्याच्यानंच.

कमळा : कंपनीत दुसरा हाय?

लटारू : हा एकच... अरे बापा.

कमळा : बंडी जुपा, मामाजी. हार घ्या, अक्षता घ्या. लगन तिथंच लावू.

गुणवंतराव : स्टेजवर? एवढ्या लोकांसमोर?

कमळा : वऱ्हाडी लागतेतच ना.

लटारू : पन तिसऱ्या अंकात राजा मरते, वहिनी.

कमळा : मंग बैल जोरात हाका. दुसऱ्या अंकाच्या आत पोचलं पायजे.