खाणाखुणांची खोली

माहेर माझं परभणीकडचं, सेलूच्या पुढं, सासर जिंतूरकडचं, पण आता आमी चाकणचेच म्हणा, कारण लगीन झालं आणि ह्यांनी मला लगेच इथं आणलं, नाणेकरवाडीत, एका खोलीत. त्या खोलीत मी, आमचे हे, धाकटा दीर आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. मागून लेक झाली, श्रावणी. हे पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला, दीर वेल्डिंगला, मी गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर. सगळे कंपनीवाले.

काय सांगू तुमाला, एका खोलीत तीन शिफ्टची माणसं राहिली की घराला एक रीत पडते. हे नाइट करून आले की दिवसा झोपणार, हे उठले की दीर आडवा होणार, कुणीतरी सदा झोपलेलंच. म्हणून आमच्या घरात बोलायचंच न्हाई. मीठ पाहिजे तर चिमूट चोळायची, पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाकडं न्यायचा, फोन वाजला की पळत बाहेर. आत्याबाई तर अशा पटाईत, शेजारणीचं अख्खं भांडण हातवारे करून सांगायच्या आणि आमी पदरात तोंड दाबून हसायचो. मुके नव्हतो बरं आमी. पण प्रेसवर डुलकी लागली तर माणसाची बोटं जातात, म्हणून झोपेला जपायचं.

तर लेक बोलायच्या आधी खुणाच शिकली. नजर केली की तिला कळायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय शहाणं लेकरू, बापाची झोप मोडत न्हाई, आणि मी फुगायचे. तोंड मात्र तिचं कायम उघडं, नाक चोंदलेलं, ओठ सुकलेले, आणि घोरायची अशी की दिराला हसू आवरायचं न्हाई. आत्याबाई म्हणायच्या, आज्यावर गेली. आमी सर्दीच समजत गेलो, इथं धूळ हाय, ट्रकचा धूर हाय, सर्दी व्हायचीच. ओव्याची पुरचुंडी केली, वाफ दिली, जरा बरं वाटायचं, परत तेच.

मग पहिलीत घातली. बाईंनी बोलावलं, म्हणाल्या, फळ्याकडं तोंड करून मी काही सांगितलं की हिला कळतच नाही, वळले की माझ्या तोंडाकडं बघत बसते. मला असा राग आला, मी म्हणलं, बाई, माझी लेक घरात इशाऱ्यावर चालते. बाई काही चिडल्या न्हाईत, त्यांनी एवढंच विचारलं, इशाऱ्यावर चालते, पण हाकेला येते का?

घरात तिला कधी हाक मारलेली मला आठवंना. तिला घेऊन गल्लीत आले, पुढं चालू दिली आणि मागून हाक मारली, श्रावणी. पुन्हा मारली. दारातलं कुत्रं उठून बसलं, माझी लेक तशीच पुढं चालली.

पिंपरीला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नाक बघितलं, कान बघितले, मला विचारलं, घोरता घोरता मधेच थांबते का, आणि मग दचकून श्वास घेते का? होय म्हणलं, आमी म्हणायचो सपान पडलं असंल. मग मानेचा बाजूनं एक्स-रे काढला, कानाची मशीनवर तपासणी केली. सांगितलं, नाकाच्या मागं, टाळूच्या वर एक मांसल भाग असतो, सगळ्याच लेकरांना असतो, ॲडिनॉइड म्हणतात, हिचा फुगलाय आणि श्वासाची वाट अडलीय, त्यानंच कानाच्या पडद्याआड पाणी साचलंय, म्हणून ऐकू कमी येतं. मी म्हणलं, म्हणजे गाठ? नाही, म्हणाल्या, ती गाठ नव्हे, घाबरू नका, आधी नाकातला फवारा देऊ, वाट बघू, बऱ्याच लेकरांना त्यानं बरं वाटतं.

घाबरू नका म्हणल्यावर कुणी घाबरायचं राहतं का? ती झोपली की मी तिच्या तोंडापुढं तळहात धरून बसायचे, श्वास थांबला की माझाबी थांबायचा. लाइनवर लाल वायरीच्या जागी पिवळी जायला लागली, सुपरवायझर म्हणाला, ताई, लक्ष कुठंय. फवाऱ्यानं काही फरक पडला न्हाई आणि ऑपरेशन ठरलं. आत्याबाई म्हणाल्या, नका गं कापू, पोरीची वाचा जाईल. मला वाचेचं न्हाई, भुलीचं भ्या होतं. एवढं झोपेत अडकणारं लेकरू, त्याला औषध देऊन झोपवायचं, आणि उठलंच न्हाई तर?

त्या दिवशी तिला उपाशी ठेवलेली. आत नेताना तिनं मागं वळून अंगठा तोंडाकडं नेला, पाणी. मी मान हलवली, न्हाई, आणि दार लागलं. बाई गं, शेवटी पाण्याला नाही म्हणलं, हेच डोक्यात फिरत राहिलं. हे नाइट करून कंपनीच्या ड्रेसवरच आले होते, बाकावर बसले, पापणीला पापणी लावली न्हाई. आमी दोघं दवाखान्यातबी बोललो न्हाई, सवयच तशी.

डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, तोंडातूनच काढलं, वर कुठं टाका नाही, कानातलं पाणीबी काढलंय. लेक शुद्धीवर आली ती रडतच, आणि मला ते रडणं इतकं गोड लागलं, काय सांगू.

आता कुकरची शिट्टी झाली की दचकते, ट्रक मागं घेतानाचा भोंगा तोंडानं वाजवून दाखवते, आणि बडबड तर विचारू नका. एका दुपारी शाळेतून आली ती मोठ्यानं काही सांगतच आली. हे झोपलेले, माझं बोट आपसूक ओठावर गेलं, ती गप्प झाली. तर चादरीतनं हे म्हणाले, "बोलू दे तिला."

तवापासनं हे कानात कापूस घालून झोपतात. झोप पुरी होत न्हाई, मला कळतं, डोळे लाल दिसतात. लेकीचे कान अजून अधूनमधून दाखवावे लागतात, पण झोपेत तळहात धरायचं मी आता सोडलंय. आता काळजी ह्यांची. हे रात्री कामावर गेले की माझं चित्त प्रेसपाशी. म्हणून सकाळी दारात आले की चप्पल काढायच्या आधी हे दोन्ही हात वर करून मला दाखवतात, धाची धा बोटं. घरात आता तेवढी एकच खूण उरलीय. ती रोज दिसू दे, देवाकडं दुसरं काही मागणं न्हाई.